स्तनाच्या कॅन्सरवर झाडपाल्याचा अर्क चालतो का? हळद, सदाफुली आणि नरक्याबद्दल हे माहीत असू द्या

चिंचवड : ‘हळदीच्या अर्कानं गाठ विरघळते’, ‘सदाफुलीची पानं चावा, कॅन्सर होत नाही’ असे मेसेज चाकण, खेड, मावळ भागात मोबाईलवर फिरत असतात. त्यात थोडं खरं आहे, पण धोका त्याहून मोठा आहे.

खरं काय?
स्तनाच्या कॅन्सरवरची काही औषधं झाडापासूनच आली. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेत यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल शोधलं. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९४ साली. साल उकळून कुणाला पाजली नव्हती. एकच घटक वेगळा काढला, डोस ठरवला, रुग्णांवर चाचण्या घेतल्या.

सदाफुली, नरक्या
सदाफुलीतल्या घटकांपासूनही कॅन्सरची औषधं बनतात. पण पानात तो घटक इतका कमी, की एक ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्पटोथेसिन असतं. त्यापासून आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची औषधं निघाली. ही दोन्ही झाडं विषारी आहेत, घरी रस काढून पिऊ नका.

हळद आणि सूज
हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत सूज वाढवणाऱ्या घटकांना रोखतं. पोटात गेल्यावर मात्र रक्तात फारच थोडं उतरतं. त्यानं स्तनाचा कॅन्सर टळतो किंवा बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. भाजीत, दुधात हळद खुशाल घ्या. अर्काच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी : त्यानं काहींच्या यकृताला इजा झाली आहे. केमो किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

लेप लावून थांबू नका
- स्तनात किंवा काखेत गाठ, मग ती दुखत नसली तरी
- कातडी ओढली जाणं, संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
- बोंड आत जाणं, त्यातून रक्त येणं
- लालसर सूज, जी औषध घेऊनही उतरत नाही

जीव कशानं वाचतो?
टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये मोठा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातानं तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, अर्क नाही. वेळेवर केलेली तपासणी.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईनं प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं, आशाताईंना विचारा. शहरालगतच्यांना पिंपरीचं वायसीएम रुग्णालय जवळ आहे. कॅन्सर निघालाच, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यावरचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं. लाजेपायी बाई गप्प बसते, तेव्हा दवाखान्यात चल म्हणणारं कुणीतरी लागतं.