नेपाळच्या वाटेवर भेटलेल्या तीन राण्या



कार्तिकी अष्टाह्निका पर्व आटोपल्यावर आमच्या गावच्या आणि आसपासच्या बावीस जणींबरोबर मी नेपाळला जाऊन आले. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे सगळा प्रवास बसने. मी प्रवासवर्णन लिहिणार नाही, फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत. मला लिहायचे आहे ते वाटेत भेटलेल्या तीन राण्यांविषयी. तिघी कधीच्या गेल्या, पण मला त्या भेटल्या असेच म्हणावेसे वाटते.

त्याआधी थोडे घरचे सांगते. आमच्या ह्यांना जाऊन या चैत्रात दोन वर्षे होतील. सहलीला नाव दिले तेव्हा बस्तीत दर्शनाला गेले असताना एक जण म्हणाल्या, "इतक्यात निघालात होय?" वाईट हेतूने नव्हे, सहज म्हणाल्या. मागच्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही, तेही असेच सहज. चाळीस वर्षे मीच ज्यांच्या ओट्या भरल्या, त्यांच्या घरची वाण लुटायची गडबड मी खिडकीतून ऐकली. सुनेला कळू दिले नाही. मुलाने "आई, तू जाच" म्हणून पैसे भरले आणि धाकट्या जाऊबाई सोबतीला आल्या, म्हणून मी निघाले.

सुनौलीला सरहद्द ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात. हा दर १९९३ पासून तसाच बांधलेला आहे. मी बी.कॉम. असल्यामुळे सगळ्या जणींचा हिशोब माझ्याकडे आला. पण खरी अडचण पैशांची नव्हती, सूर्याची होती. तिकडे तो आपल्या सांगली-कोल्हापूरपेक्षा बराच लवकर मावळतो. आमच्या पर्यटन कंपनीने कागदावर "सूर्यास्तापूर्वी जेवण" छापले होते खरे, पण घाटात बस अडकली की डब्यातले खाकरे आणि मेतकूट हाच आधार. चार संध्याकाळी तेच खाल्ले. कुणी कुरकुर केली नाही.

पहिला मुक्काम लुंबिनी. भगवान बुद्धांचे जन्मस्थान. महावीरस्वामींच्या काळातले, मगध आणि वैशालीच्या त्याच परिसरात विहार केलेले हे महापुरुष, म्हणून दर्शनाला वेगळेच वाटले. मायादेवी मंदिराजवळ सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, आणि बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा "बली" हा कर माफ केला व पिकातला राजाचा वाटा आठव्या भागावर आणला. बावीसशे वर्षांपूर्वीची करसवलत! आपल्याकडच्या जुन्या शास्त्रांत राजाचा वाटा सहसा सहावा भाग सांगितला आहे. म्हणजे पुण्यक्षेत्राचा मान राजाने नुसती कमान उभारून राखला नाही, तिथल्या शेतकऱ्याच्या घरात चार दाणे जास्त राहतील असे केले. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या कमिट्यांनी हा लेख एकदा वाचावा, असे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

हा स्तंभ १८९६ मध्ये पुन्हा लोकांच्या नजरेस आला. तेव्हा तिथे डॉ. फ्युरर नावाचे जर्मन संशोधक होते आणि पाल्पाचे सुभेदार खड्गशमशेर राणा होते. हे नाव लक्षात ठेवा.

कारण पुढचा मुक्काम त्याच पाल्प्याचे ठाणे, तानसेन. डोंगराच्या उतारावरचे जुने नेवार व्यापाऱ्यांचे गाव, दगडी फरसबंद गल्ल्या, पितळेची भांडी आणि ढाका कापडाची दुकाने. तिथून खाली उतरून काली गंडकीच्या काठावर गेले की एकदम एक मोठा महाल दिसतो. आजूबाजूला वस्ती नाही, फक्त नदी आणि कडे. त्याचे नाव राणीमहाल. हे खड्गशमशेर काठमांडूच्या सत्तेच्या भांडणातून दूर पाल्प्याला पाठवले गेले होते. त्यांची पत्नी तेजकुमारी वारली, तेव्हा तिच्या आठवणीत १८९३ च्या सुमारास त्यांनी हा महाल बांधायला घेतला.

ही पहिली राणी. गाईड म्हणाला, याला नेपाळचा ताजमहाल म्हणतात. सगळ्या जणी कौतुक करत होत्या. मी नदीकडे पाहत बसले होते. बायको गेली की नवऱ्याने महाल बांधावा, लोकांनी शंभर वर्षे त्याच्या प्रेमाचे गोडवे गावेत. नवरा गेला की बायकोने काय करावे, याचे उत्तर मात्र लोकांकडे तयार असते. जाऊबाईंना हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही फार विचार करता." मग थोड्या वेळाने त्यांनीच माझा हात धरला.

पोखरा, बंदीपूर करत आम्ही भक्तपूरला पोचलो. काठमांडूचे खोरे म्हणजे तीन जुन्या राजधान्या: काठमांडू, पाटण आणि भक्तपूर. मल्ल राजांच्या काळात तिन्ही वेगवेगळी राज्ये होती आणि एकमेकांना मागे टाकायला मंदिरे बांधत होती. खोऱ्यातल्या सात जागा १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्या. भक्तपूरचे न्यातपोल मंदिर भूपतींद्र मल्लांनी १७०२ मध्ये बांधले. पाच छपरांचे, पाच जोत्यांवर उभे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सर्वांत खाली पैलवान, वर हत्ती, त्यावर सिंह असे चढते राखणदार. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे गेली. याच गावातले वत्सला देवीचे दगडी मंदिर कोसळले, न्यातपोल मात्र उभे राहिले. वत्सलेचे मंदिर आता पुन्हा बांधले आहे. गावात विटांची आणि कोरीव लाकडी खिडक्यांची घरे अजून नव्याने उभी राहत आहेत.

आमचा गाईड भक्तपूरचाच, नेवार समाजाचा मुलगा. मला "आमा" म्हणायचा. एका चौकात थांबून त्याने आपल्या बहिणीच्या "इही"ची गोष्ट सांगितली. नेवार मुलींचे वयात येण्यापूर्वी, बहुधा पाच ते नऊ वर्षांच्या असताना, बेलफळाच्या साक्षीने लग्न लावतात. वर म्हणजे विष्णूरूप सुवर्णकुमार. आईबाप खरोखरचे कन्यादान करतात. पुढे मोठेपणी माणसाशी लग्न होते ते दुसरे. देव काही मरत नाही, म्हणून नवरा वारला तरी ती बाई विधवा होत नाही अशी समजूत. जुन्या रीतीप्रमाणे नवऱ्याशी पटलेच नाही, तर त्याच्या उशाशी सुपारी ठेवून ती निघूनही जाऊ शकत असे.

बसमध्ये यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाली, किती छान! मला मात्र ते पुरते पटले नाही. बाईचा मान टिकवायला देवाशी का होईना लग्नच लावावे लागते, म्हणजे मान तिचा स्वतःचा नव्हेच. पण एवढे खरे की त्या समाजाने शेकडो वर्षांपूर्वी हा प्रश्न ओळखला आणि आपल्या लेकींसाठी काहीतरी वाट काढली. आपण काय काढली?

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुनारायणला गेलो. भक्तपूरच्या उत्तरेला टेकडीवर हे विष्णूचे प्राचीन मंदिर आहे. प्रांगणात गरुडाची एक सुंदर दगडी मूर्ती हात जोडून बसलेली आहे आणि जवळच एका स्तंभावर लिच्छवी राजा मानदेवाचा संस्कृत लेख आहे. साल शके ३८६, म्हणजे इसवी सन ४६४. खोऱ्यातल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. लिच्छवी म्हटल्यावर माझे कान टवकारले. वैशालीचे लिच्छवी म्हणजे महावीरस्वामींच्या आजोळचे नाव. नेपाळचे हे राजेही स्वतःला त्याच कुळातले म्हणवत.

त्या लेखात एक घरगुती प्रसंग कोरलेला आहे. मानदेवाचे वडील धर्मदेव वारले. आई राज्यवती सती जायला निघाली. मुलाने तिच्या पायांवर डोके ठेवून विनवले, की तू गेलीस तर मला तरी जगून काय करायचे, तुझ्या आधी मीच प्राण सोडीन. राणी थांबली. मुलाबरोबर तिने पतीचे अंत्यविधी केले, पुढे दानधर्म आणि व्रते करत राहिली. मग मानदेव मोहिमेवर निघाला. लढाया जिंकल्या, त्याचेही वर्णन आहे.

विजयाच्या लेखात राजाने आईच्या जगण्याची गोष्ट कोरून ठेवली, हे ऐकून मी तिथल्या पायरीवर बसले. राज्यवती ही माझी दुसरी राणी. तिचा महाल नाही, समाधी नाही. ती जगली, हीच तिची नोंद. आणि दुःख याचे वाटते की उदाहरण देवळाच्या दारात दगडावर असूनही त्याच नेपाळात पुढे कित्येक राण्या चितेवर गेल्या. आपल्याकडे बेंटिंकने १८२९ मध्ये सतीबंदी केली. नेपाळात ती चंद्रशमशेर राणांनी १९२० मध्ये केली. दगडावर लिहिले म्हणून लोकांच्या मनात उतरतेच असे नाही.

मैत्रिणींनो, आपल्याकडे तर हे केव्हाच सांगितलेले आहे. रत्नकरंड श्रावकाचार आपण स्वाध्यायाला वाचतो. त्यात समंतभद्राचार्यांनी लोकमूढता सांगताना कड्यावरून उडी टाकणे आणि अग्नीत पडणे ही दोन्ही मूढताच म्हटली आहे. आपण ज्यांना सती म्हणतो, त्या चंदना आणि राजुल जळाल्या नाहीत. राजुलचा तर नवरदेव मांडवाच्या दारातून परत फिरला. तिने दीक्षा घेतली. चंदना महावीरस्वामींच्या संघात आर्यिकांची प्रमुख झाली. मग आपल्या घरात हे "पांढऱ्या पायाची", "शुभकार्यात नको" कुठून आले? आगमातून नक्कीच नाही. शेजारपाजारच्या रूढीतून आले आणि आपण ते न विचारता पदरात घेतले.

शेवटचा मुक्काम जनकपूर. सिंधुलीचा घाट उतरून पुन्हा सपाटीवर. ही मिथिला भूमी. आपले एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ आणि एकविसावे नमिनाथ यांचे जन्मस्थान मिथिलानगरी, म्हणून बसमध्येच आम्ही अर्घ्य म्हटले. मल्लिनाथांना श्वेतांबर बांधव स्त्रीरूपात मानतात, आपली परंपरा तसे मानत नाही. तो वाद मी इथे काढत नाही, मिथिलेची आठवण दोघांनीही जपली एवढेच सांगते.

जनकपूरचे जानकी मंदिर पांढरेशुभ्र आणि भव्य. त्याला नौलखा म्हणतात, कारण बांधायला नऊ लाख रुपये लागल्याचे सांगतात. ते बांधले १९१० च्या सुमारास, आपल्या बुंदेलखंडातल्या टीकमगढच्या राणी वृषभानू कुंवरी यांनी. ही तिसरी राणी. कुणी तिच्या नावाने महाल बांधायची वाट न बघता, सरहद्दीपलीकडे जाऊन स्वतःच्या श्रद्धेने स्वतः बांधून मोकळी झाली.

तिथे संध्याकाळी आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी पद्मपुराणातली सीता सांगितली. रविषेणाचार्यांची सीता धरणीच्या पोटात जात नाही. अग्निपरीक्षा झाल्यावर राम तिला परत राजवाड्यात बोलावतात, तेव्हा ती नाही म्हणते आणि आर्यिका होते. लहानपणी पाठशाळेत ऐकलेली ही कथा, पण सीतेच्या माहेरी बसून ऐकली तेव्हा कळली. लोकांनी ठरवलेल्या दोन्ही वाटा तिने सोडल्या आणि तिसरी स्वतः निवडली.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने जयनगरला आलो. घड्याळ पंधरा मिनिटे मागे केले.

आता संक्रांत जवळ आली आहे. या वर्षी हळदीकुंकू माझ्या घरी आहे, सुनेने आणि मी मिळून ठरवले आहे. गल्लीतल्या सगळ्या जणींना बोलावणे जाईल, नवरा आहे की नाही हे न पाहता. वाण म्हणून रत्नकरंड श्रावकाचाराची छोटी प्रत देणार आहे. तिळगूळ सूर्यास्तापूर्वी घ्यायचा आहे, तेव्हा चारलाच या. ज्यांना यावेसे वाटणार नाही त्यांचा मला राग नाही. पण ज्या माझ्यासारख्या खिडकीतून ऐकत बसतात, त्यांनी मात्र नक्की या. दार उघडे आहे.

जय जिनेंद्र.