पासपोर्ट जर्मन, कॅम्प नगरचा

जुन्नर-आंबेगावकडचे आपण आळेफाट्यावरून नगरला कितीदा जातो. त्याच नगरात सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध पेटताच, इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्या पुरुषांना कॅम्पात डांबलं. आता बघा, त्यात नाझी होते, आणि नाझींपासून जीव वाचवून आलेले ज्यूसुद्धा! पुढे तिबेटला पळालेला गिर्यारोहक हाइनरिक हारर इथेच होता.

मग सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाला समोर बसवून चौकशी केली. मुंबईची ज्यूइश रिलीफ असोसिएशन निर्वासितांच्या पाठीशी उभी राहिली, आणि बरेच ज्यू सुटले. चित्रकार वॉल्टर लँगहॅमरही सुटले. पुढे रझा, आरा, हुसेन यांना त्यांनीच हात दिला.

पण १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि वारं फिरलं. काहींना परत उचललं, काही कुटुंबं आपल्याच जिल्ह्यातल्या पुरंदरावर नजरकैदेत गेली.

१९८२ मध्ये अमेरिकेत कोर्टाच्या आदेशाने हैतीचे आश्रयार्थी सुनावणीआधीच हमीदारांच्या भरवशावर बाहेर आले. गोष्ट तीच. पासपोर्ट बघून डांबायला एक दिवस पुरतो. माणूस ओळखायचा तर त्याला विचारावं लागतं, आणि बाहेर कुणीतरी त्याला जामीन राहावं लागतं.