गुपित कोणाच्या मालकीचे? खेळाडूंचे व्यसन, उपचार आणि लीगची गोपनीयता

१/ १६ एप्रिल १९४०, शिकागो. बेसबॉल हंगामाचा पहिला दिवस. क्लीव्हलँडच्या बॉब फेलरने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही. त्याचे चेंडू झेलणारा कॅचर होता रॉली हेम्सली, आणि सामन्यातील एकमेव धावही त्याच्याच फटक्याने आली. दारूपायी अनेक संघांनी कंटाळून सोडून दिलेला हा खेळाडू. त्याच सुमारास त्याने वार्ताहरांना सांगितले की वर्षभर आपण दारूला शिवलेलो नाही, आणि याचे श्रेय अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे आहे.

२/ ही संघटना १९३५ साली ओहायोतील ॲक्रन येथे जन्मली. निनावीपण तिच्या नावातच होते. हेम्सलीच्या कबुलीने तिला प्रसिद्धी मिळाली, पण धास्तीही वाटू लागली. उद्या हाच माणूस पुन्हा प्याला तर? सहसंस्थापक बिल विल्सन स्वतःही त्यानंतर काही काळ नाव-छायाचित्रासह झळकले आणि पुढे त्यांनीच तो मोह घातक ठरवला. १९५० साली संघटनेने आपल्या बारा परंपरा अधिकृतपणे स्वीकारल्या. वृत्तपत्रे, रेडिओ आणि चित्रपट यांच्यासमोर सभासदाने निनावी राहावे, हे त्यांत स्पष्ट होते. हे अधिवेशन भरले कुठे, तर क्लीव्हलँडमध्ये!

३/ हे निनावीपण मात्र रुग्णांनी आपसांत पाळायचे होते. व्यावसायिक खेळाडूपुढचा प्रश्न अधिक बिकट असतो. त्याचे शरीर हेच त्याच्या मालकाचे भांडवल असते, त्याला तपासणारा डॉक्टर बहुधा त्याच मालकाचा असतो, आणि तो चार दिवस दिसला नाही तर वार्ताहर विचारणारच. त्याच्या आजाराची गोष्ट नेमकी कोणाला कळावी?

४/ याचे एक कठोर उत्तर उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीने, म्हणजे एनएचएलने, १९९० मध्ये दिले. एडमंटनचा गोलरक्षक ग्रँट फ्यूर हा त्या काळातील अव्वल खेळाडूंपैकी एक. आधी उपचार घेऊन मादक पदार्थांपासून दूर झाल्यावर त्याची कहाणी वृत्तपत्रात आली आणि त्याने ती मान्य केली. लीगचे अध्यक्ष जॉन झिगलर यांनी त्याला एका वर्षासाठी निलंबित केले. ५९ सामन्यांनंतर तो परतला. म्हणजे शिक्षा झाली ती बऱ्या झालेल्या माणसाला. ड्रेसिंग रूममधील प्रत्येकाने यातून एकच धडा घेतला असणार: बोलू नका. १९९२ मध्ये जॉन कोर्डिक हा दुसरा हॉकीपटू क्वेबेक शहरात वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी दगावला. त्याच्या व्यसनाची कुणकुण अनेकांना होती.

५/ १९९६ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून साहाय्य कार्यक्रम उभारला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. पहिल्या टप्प्यात खेळाडू उपचार घेतो, पूर्ण वेतन चालू राहते आणि कोणतीही शिक्षा होत नाही. नियम मोडला तर दुसऱ्या टप्प्यात उपचार संपेपर्यंत बिनपगारी निलंबन. तिसऱ्या टप्प्यात सहा महिने बाहेर. चौथ्यात किमान एक वर्ष, आणि परतीची हमी नाही. उपचाराचा तपशील गोपनीय. मदत मागणे हा गुन्हा नाही, हे लीगने अखेर कागदावर मान्य केले. फ्यूरच्या प्रकरणानंतर अवघ्या सहा वर्षांत झालेला हा बदल लहान नव्हे.

६/ आता दुसरी बाजू. डेरेक बूगार्ड हा मिनेसोटाचा धिप्पाड खेळाडू. गोल करणे हे त्याचे काम नव्हतेच. मैदानावर मुष्टियुद्ध करून सहकाऱ्यांना संरक्षण द्यायचे, यासाठी तो संघात होता. त्यातून दुखापती, आणि दुखापतींतून वेदनाशामक गोळ्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जॉन ब्रँच यांनी दाखवून दिले की २००८-०९ च्या हंगामात सुमारे सहा महिन्यांत त्याला दहा डॉक्टरांकडून सहाशेहून अधिक गोळ्या मिळाल्या. त्यांतले बहुतेक डॉक्टर संघाचेच.

७/ सप्टेंबर २००९ मध्ये तो व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला. बाहेर कारण सांगितले गेले मेंदूला झालेल्या आघाताचे. त्याची अब्रू राखणे एवढाच हेतू असेल, तर त्यात वावगे काही नाही. पण उपचारानंतर तो न्यूयॉर्कच्या संघात गेला आणि तेथेही संघाशी संबंधित डॉक्टर-दंतवैद्यांकडून त्याला औषधे मिळत राहिली. एका हाताने व्यसन सोडवायचे, दुसऱ्या हाताने चिठ्ठी लिहायची. वार्ताहरांपासून झाकलेली गोष्ट औषध देणाऱ्या डॉक्टरसमोर मात्र उघडी असायला हवी होती. नुसते गुप्त ठेवणे म्हणजे रुग्णाला जपणे नव्हे.

८/ १३ मे २०११ रोजी बूगार्ड मिनियापोलिसमधील आपल्या घरात मृतावस्थेत आढळला. वय २८. कारण दारू आणि ऑक्सिकोडोन यांचे मिश्रण. कॅलिफोर्नियातील उपचारकेंद्रातून तो थोड्या सुटीवर आला होता. कॅनडाच्या पोलीस दलात असलेल्या त्याच्या वडिलांनी मुलाची फोनबिले आणि औषधांच्या नोंदी स्वतः गोळा करून सारा क्रम जुळवला. कुटुंबाने २०१३ मध्ये लीगवर दावा लावला. २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याच्या तांत्रिक बाजू कुटुंबाच्या विरोधात गेल्या. लीगने हे प्रकरण उत्तम हाताळले, असे मात्र न्यायाधीशांनी म्हटले नाही.

९/ ऑक्टोबर २०२१. माँट्रियलचा गोलरक्षक केरी प्राइस कार्यक्रमात दाखल झाल्याचे लीग आणि खेळाडू संघटनेने जाहीर केले. कारण दिले नाही, कारण नियमच तसा. हा कार्यक्रम मानसिक आरोग्यासाठीही असतो, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. तर्कवितर्क अर्थातच झाले. महिनाभराने, ९ नोव्हेंबरला, प्राइसने इन्स्टाग्रामवर स्वतःच लिहिले की आपण मादक पदार्थांच्या समस्येसाठी उपचार घेतले. कधी सांगायचे, किती सांगायचे आणि कोणत्या शब्दांत, हे त्याने ठरवले होते. फ्यूरला ही मुभा मिळाली नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये प्राइस पुन्हा बर्फावर उतरला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याला पाचच सामने खेळता आले. त्या वर्षीचा चिकाटीसाठीचा मास्टरटन पुरस्कार त्यालाच मिळाला.