तारेपलीकडे गेलेला इंग्रज

फेब्रुवारी 1943. तुमचा टांगा बंडगार्डनच्या पुलावर चढतो. टांगेवाला एरवी बडबड्या, आज गप्प. गेल्या ऑगस्टपासून पुणं असंच झालंय. काँग्रेस भवनावर तिरंगा चढवताना नारायण दाभाडे पोलिसांच्या गोळीनं पडला. 24 जानेवारीला कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात बॉम्ब फुटला, गोरे सैनिक मेले. वाड्यात त्याबद्दल सगळे दबक्या आवाजात बोलतात, पण अभिमानानं. तुम्हीही बोललात.

नगर रस्त्यावर उतरता. आगाखान पॅलेसभोवती काटेरी तार, पहारा. आत 10 तारखेपासून गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास चाललाय. बापूजी अण्यांसह तिघांनी व्हाइसरॉयच्या मंडळाचे राजीनामे दिले, तरी व्हाइसरॉय लिनलिथगो ढिम्म आहेत. मध्यंतरी प्रकृती इतकी ढासळली की पाण्यात मोसंबीचा रस घालून द्यावा लागला. पुढच्या बातमीच्या भीतीनं माणसं तारेपाशी उभी आहेत.

आत भेटायला सोडलेल्यांत एक इंग्रज आहे. होरेस अलेक्झांडर, वय 53. तुमच्या कपाळाची शीर ताठते. यांच्याच राज्यानं म्हाताऱ्याला डांबलं, आता हे भेटायला येणार?

जरा थांबा. हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे आहेत. त्यांच्या प्रार्थनेत पुरोहित नसतो. सगळे मुकाट्यानं बसतात, आणि ज्याला आतून वाटेल तो बोलतो. दर सोमवारी मौन पाळणाऱ्या गांधीजींशी त्यांचं जमलं, याचं नवल नको. ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात आणि शस्त्र धरत नाहीत. 1660 साली त्यांनी इंग्लंडच्या राजाला तसं लिहूनच दिलं. त्याची किंमतही त्यांनी मोजली. अमेरिकेनं त्याच इंग्लंडविरुद्ध बंड केलं, तेव्हा फिलाडेल्फियातल्या क्वेकरांनी नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ घेतली नाही, म्हणून 1777 मध्ये त्यांच्यातल्या काहींना व्हर्जिनियात हद्दपार केलं. क्रांतीत मधे उभ्या राहणाऱ्याला दोन्हीकडून संशय भोगावा लागतो.

होरेसही तसेच मधे उभे आहेत. ते आलेत बंगालमधून. गेल्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळानं गावंच्या गावं बुडवली, तिथं क्वेकरांचं रुग्णसेवा पथक राबलं. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींचं पत्र व्हाइसरॉय आयर्विनकडे नेणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्सही क्वेकरच होता, चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. आणि लंडनमध्ये अगाथा हॅरिसन कितीतरी वर्षं भारताची बाजू मंत्र्यांच्या कानी घालतेय.

होरेस आत जातात. तिथलं बोलणं तारेबाहेर ऐकू येत नाही. तुम्ही उभेच. दाभाड्यांचं रक्त तुम्ही विसरणार नाही, आणि मी तुम्हाला विसरा असं सांगणारही नाही. पण शत्रूच्या गोटात जन्मून, आपल्याच सरकारच्या कैद्याच्या खाटेशी बसायला जी छाती लागते, ती बॉम्ब ठेवणाऱ्याच्या छातीपेक्षा तसूभरही लहान नाही. मला तरी असंच वाटतं.

3 मार्चला उपास सुटतो. माणूस जगतो. तारा मात्र तशाच राहतात. पुढच्या फेब्रुवारीत कस्तुरबा याच वास्तूत देह ठेवतात, आणि गांधीजींची सुटका थेट 6 मे 1944 ला होते.

स्वातंत्र्य आलं त्या दिवशी, 15 ऑगस्ट 1947 ला, गांधीजी दिल्लीत नव्हते. दंगलींनी होरपळलेल्या कलकत्त्यात, बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमध्ये ते उपास आणि प्रार्थना करत होते. होरेस अलेक्झांडर त्या दिवशी त्यांच्याजवळ होते.