मिठाची पोती आणि खोल पाणी

मराठवाड्याला समुद्र नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून समुद्र पाहायचा तर मुंबई गाठावी लागते, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या वर प्रवास आला. तेव्हा ‘देशानं आपल्या आण्विक पाणबुड्यांचा तळ कुठं करावा’ या विषयावर इथं बसून बोलायचं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला थोडं हसू येणं स्वाभाविक आहे. पण मी इतिहासाचा विद्यार्थी. या प्रश्नाचं मर्म मला समुद्राकाठी कळलं नाही, ते आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर कळलं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

देवगिरीचा डोंगर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. सहलीला आलेली मुलं खंदकापाशी थबकतात आणि अंधारीत शिरताना एकमेकांचे हात धरतात. डोंगराच्या कडा तासून उभ्या केलेल्या, भोवती खडकात कोरलेला खंदक, आत जायला एकच वाट आणि तीही काळोखी. सरळ चाल करून हा किल्ला घेणं जवळजवळ अशक्य होतं. तरीही देवगिरी पडली. कशी पडली, हे पाहण्यासारखं आहे.

1296 साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला, तेव्हा रामदेवराव यादवांची मुख्य फौज राजपुत्राबरोबर बाहेर गेलेली होती. राजानं घाईघाईनं किल्ल्याचा आश्रय घेतला. फिरिश्ता या इतिहासकारानं त्या वेळची एक हकीकत नोंदवली आहे. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून किल्ल्यात चढवली गेली. वेढा बसल्यावर ती उघडून पाहिली, तर आत मीठ! तट शाबूत होते, खंदक शाबूत होता, पण पोटाला काही नव्हतं. रामदेवरावांना तह करावा लागला. पुढं 1633 साली मोगल सरदार महाबतखानानं वेढा घातला, तेव्हाही मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याच्यावर अन्नाच्या टंचाईमुळंच किल्ला सोडण्याची वेळ आली. दोन्ही वेळी किल्ला हरला तो भिंतीमुळं नव्हे, कोठारामुळं.

आता पाणबुडीकडं वळू. 1998 च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही, असं भारतानं जाहीर केलं. जानेवारी 2003 मध्ये सरकारनं हेच धोरण पुन्हा अधिकृतपणे मांडलं. ऐकायला हे धोरण सज्जनपणाचं आहे, पण त्याला एक अट आहे. पहिला वार आपण करणार नसू, तर समोरच्याचा पहिला वार झाल्यावरही आपल्या हातात काहीतरी उरलं पाहिजे, आणि ते उरणार हे समोरच्याला आधीच ठाऊक असलं पाहिजे. यालाच जरब म्हणायचं. विमानतळ उपग्रहातून दिसतो, जमिनीवरचं क्षेपणास्त्रही शोधता येतं. खोल पाण्यात गेलेली पाणबुडी मात्र सहसा सापडत नाही. म्हणून हे अखेरचं शस्त्र समुद्रात ठेवायचं.

साध्या, डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी अधूनमधून वर यावं लागतं आणि तिथंच ती दिसते. अणुभट्टीवर चालणाऱ्या पाणबुडीला ही अडचण नाही. भट्टीच्या विजेवर ती समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचं पाणी करते, पाण्यातूनच प्राणवायू काढते आणि महिनोन् महिने खाली राहू शकते. मग तिला परत कशासाठी यावं लागतं? मुख्यतः माणसांसाठी. शिधा संपतो, माणसं थकतात. इतकं अचाट यंत्र, पण त्याची मर्यादा ठरते ती स्वयंपाकघरात. देवगिरीच्या कोठाराची मला आठवण झाली, ती यामुळं.

कुणी म्हणेल, पाणबुडी समुद्रात दडणार असेल, तर तळ कुठंही असला म्हणून काय बिघडलं? बिघडतं, कारण दडलेलं जनावर बिळातून बाहेर पडतानाच सापडतं. दुरुस्ती, शिधा, क्षेपणास्त्रं चढवणं, माणसं बदलणं या सगळ्यासाठी पाणबुडीला तळावर यावंच लागतं. बंदरातून निघून खोल पाण्यात पोहोचेपर्यंतचे तास सर्वांत धोक्याचे. म्हणून तळ निवडताना पहिला प्रश्न असतो तो हा, की धक्क्यापासून खोल पाणी किती लांब आहे?

या बाबतीत आपल्या इतिहासात एक कडू धडा आहे. शिवाजी महाराजांनी 1664 साली मालवणजवळ कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. भोवतालच्या पाण्यात खडक असे, की वाट माहीत असलेल्यानंच आत यावं. विजयदुर्गाच्या मागं वाघोटणची खाडी आत दूरवर गेलेली. गलबतं तिथं वळवून घेता येत. आंग्र्यांच्या काळात इंग्रजांनी आणि डचांनी विजयदुर्गावर हल्ले केले आणि ते परतवले गेले. पण 1756 च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह चालून आले. खुद्द नानासाहेब पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला होते. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात एकत्र उभं होतं. एक तोफगोळा एका जहाजावर पडला, त्यानं पेट घेतला, आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि पाहता पाहता अवघं आरमार जळून गेलं. ज्या बंदरानं इतकी वर्षं राखलं, त्याच बंदरात सारं एका दिवसात संपलं. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तोडीस तोड असं आरमार त्यानंतर उभं राहिलं नाही.

या उलट घडलेली गोष्ट 1971 ची आहे. आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ बुडवण्यासाठी पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी थेट विशाखापट्टणमपर्यंत आली. तळ तिथं, तेव्हा जहाजही तिथंच असणार, असा तिचा हिशेब. पूर्व विभागाचे नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ आधीच अंदमानकडं पाठवून दिली होती. ती विशाखापट्टणमजवळच आहे असं भासवण्यासाठी खोटे संदेश पाठवले गेले, आणि बाजारातून भाजीपाला, मांस वगैरे शिधाही मोठ्या प्रमाणात मागवण्यात आला, म्हणजे हेरांच्या कानावर जावं. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोर बुडाली. देवगिरीत शिध्याच्या चुकीनं राज्य वाकलं. इथं शिध्याच्या यादीनं शत्रूला चकवलं!

शत्रू आधी तळावर येतो, हा या दोन्ही गोष्टींचा अर्थ. मग भारताचा तळ मुंबईला का नको? तिथं 1735 पासूनची गोदी आहे, कसबी कामगार आहेत. शिवाय पाणबुडीची अणुभट्टी ज्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं तयार केली, ते तुर्भ्याला, खाडीकाठीच आहे. पण भूगोल आड येतो. शाळेच्या पुस्तकात आपण ‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द वाचलेला असतो. किनाऱ्यालगतची ही उथळ जमीन मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेली आहे. तेवढं अंतर कापेपर्यंत खरी खोली मिळत नाही. वर मच्छीमारांच्या होड्या, तेलाचे फलाट, व्यापारी जहाजांची रीघ. कराची नऊशे किलोमीटरच्या आत. याच अरबी समुद्रात, दीवच्या जवळ, 9 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले.

आणखी एक कारण आहे. 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीत स्फोट झाले आणि 18 नौसैनिकांचा जीव गेला. ती डिझेलवर चालणारी पाणबुडी होती. अशा अपघाताच्या शेजारी अणुभट्टी असणं आणि पलीकडं कोटभर माणसांचं शहर असणं, ही कल्पनाच सोसवत नाही.

विशाखापट्टणमसमोर ती उथळ जमीन पन्नासेक किलोमीटरमध्ये संपते आणि पुढं बंगालच्या उपसागराची खोली सुरू होते. 1988 मध्ये सोव्हिएत संघाकडून भाड्यानं घेतलेली ‘चक्र’ ही आण्विक पाणबुडी तिथंच ठेवली गेली. 26 जुलै 2009 रोजी ‘अरिहंत’चं जलावतरण तिथंच झालं. 2016 मध्ये ती नौदलात आली आणि 2018 मध्ये तिनं पहिली गस्त पूर्ण केल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. 29 ऑगस्ट 2024 रोजी ‘अरिघात’ दाखल झाली. पण विशाखापट्टणम हेही आता मोठं शहर, गजबजलेलं बंदर. म्हणून या पाणबुड्यांसाठी वेगळा तळ तिथून पन्नास किलोमीटरवर रांबिल्लीजवळ योजण्यात आला. लढाऊ जहाजांना शत्रूच्या जवळ असावं लागतं, त्यांच्यासाठी मुंबई आणि कारवार योग्य. अखेरचं शस्त्र मात्र शत्रूपासून लांब आणि खोल पाण्याजवळ हवं. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते.

अर्थात, लांब म्हणजे किती लांब, हे क्षेपणास्त्राच्या पल्ल्यावर ठरतं. 1961 मध्ये अमेरिकेनं आपल्या पोलारिस पाणबुड्या स्कॉटलंडच्या होली लॉख या खाडीत ठेवल्या, कारण त्या क्षेपणास्त्रांचा पल्ला सुमारे 2,200 किलोमीटरच होता. पुढं ट्रायडंट आलं, पल्ला तिपटीहून वाढला, तेव्हा परक्या किनाऱ्याची गरज कमी होत गेली आणि 1992 मध्ये होली लॉखचा तळ बंद झाला. आपल्या ‘अरिहंत’च्या पहिल्या क्षेपणास्त्राचा पल्ला साडेसातशे किलोमीटर. तेवढ्या पल्ल्यावर बंगालच्या उपसागरातून काही साधत नाही. पाणबुडीला शत्रूच्या दारापर्यंत जावं लागतं. नंतरच्या क्षेपणास्त्राचा पल्ला साडेतीन हजार किलोमीटर आहे. पल्ला वाढला की लपायला समुद्र वाढतो, आणि मगच पूर्व किनाऱ्याच्या तळाला खरा अर्थ येतो.

आता शेवटचा मुद्दा. खोली, पल्ला, अंतर हे सगळं नकाशावर मोजता येतं. किनाऱ्यावरची माणसं त्या मापात बसत नाहीत. ब्रिटनची उरलेली सगळी जरब आज स्कॉटलंडमधल्या फासलेन या एकाच तळावर आहे. 18 सप्टेंबर 2014 रोजी स्कॉटलंडनं वेगळं व्हायचं का, यावर मतदान झालं. वेगळं होऊ इच्छिणाऱ्यांनी अण्वस्त्रं घालवण्याचं वचन दिलं होतं. सुमारे 55 विरुद्ध 45 टक्क्यांनी तो कौल फिरला नसता, तर लंडनच्या सरकारला आपल्या पाणबुड्यांसाठी नवं बंदर शोधत फिरावं लागलं असतं. सगळं एका ठिकाणी ठेवण्याचा धोका फक्त तोफगोळ्याचा नसतो.

आपल्याकडंही असंच आहे. कारवारच्या ‘सीबर्ड’ प्रकल्पाची कोनशिला 1986 मध्ये बसली, 2005 मध्ये ‘कदंब’ हा तळ सुरू झाला. त्यासाठी कारवार आणि अंकोला तालुक्यांतल्या चार हजारांहून अधिक कुटुंबांना घरदार, शेत, समुद्रकाठ सोडावा लागला. यांत कोकणी-मराठी बोलणारे कोळी होते, शेतकरी होते. वाढीव मोबदल्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. रांबिल्लीच्या मच्छीमारांनीही आपली मागणी मांडली आहे. तळ नको, असं मी म्हणत नाही. पण देशाच्या सुरक्षिततेचं बिल दरवेळी किनाऱ्यावरच्या चार गावांच्या नावानं फाडायचं आणि पैसे द्यायला वीस वर्षं लावायची, हे न्यायाचं नाही आणि हुशारीचंही नाही.

हुशारीचं नाही अशासाठी, की शिवाजी महाराजांच्या आरमारावर कोळी होते, भंडारी होते. पाण्यातल्या खडकांची वाट त्यांना ठाऊक होती, म्हणून सिंधुदुर्ग अभेद्य होता. 2008 च्या नोव्हेंबरात अतिरेकी मुंबईला आले, ते ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट बळकावून आले. त्यानंतर, मच्छीमार हेच आपले डोळे आणि कान आहेत, असं सरकार किनाऱ्या-किनाऱ्यावर जाऊन सांगू लागलं. ज्याचं घर काढून घेतलं आणि मोबदल्यासाठी ज्याला ताटकळत ठेवलं, त्यानं आपल्यासाठी डोळे उघडे ठेवावेत, ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

देशाचा पाणबुडी तळ कुठं असावा, याचं माझं उत्तर असं, की पूर्व किनाऱ्यावर, खोल पाण्याच्या काठाशी, मोठ्या शहरापासून दूर. शक्य होईल तेव्हा एकाऐवजी दोन ठिकाणी. आणि जिथं असेल तिथल्या माणसांचा हिशेब पहिल्या दिवशी चुकता करून. पुढच्या वेळी दौलताबादला गेलात, तर खंदक आणि अंधारी पाहून झाल्यावर मुलांना ती मिठाच्या पोत्यांची हकीकतही सांगा. दार लावून घेण्याआधी पोत्यात काय आहे ते पाहावं, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं तरी पुरे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)