सहलेखन जाळे

संशोधकांनी मिळून लिहिलेल्या निबंधांवरून काढलेला त्यांच्या परस्परसंबंधांचा आराखडा. यात प्रत्येक संशोधक हा एक बिंदू असतो. दोघांनी एखादा निबंध एकत्र लिहिला असेल, तर त्यांचे बिंदू रेषेने जोडतात.

याचे सर्वपरिचित उदाहरण हंगेरियन गणिती पॉल एर्डिश (१९१३–९६) यांचे. एका बॅगेनिशी देशोदेशी फिरत त्यांनी पाचशेहून अधिक सहलेखकांबरोबर सुमारे १,५०० निबंध लिहिले. त्यांच्या थेट सहलेखकाचा ‘एर्डिश अंक’ १, त्या सहलेखकाबरोबर लिहिणाऱ्याचा २, अशी गणती पुढे चालते. २००१ मध्ये मार्क न्यूमन यांनी भौतिकी, जीववैद्यक आदी विषयांतील मोठी जाळी तपासली, तेव्हा कोणतेही दोन संशोधक सरासरी पाच-सहा दुव्यांच्या अंतरावर आढळले.

प्रभाव केवळ रेषा मोजून ठरत नाही. दोन वेगळ्या गटांमधला एकमेव दुवा असलेली व्यक्ती, सहलेखक थोडे असूनही, फार मोलाची असते. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडलेले मध्यस्थतेचे माप नेमके हेच टिपते.

मात्र हे नकाशे जपून वाचावेत. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला पाच हजारांवर लेखक आहेत. त्या सर्वांची परस्परांशी ओळख मानणे चूक. नावांची आद्याक्षरेच छापली, तर अनेक जोशी-पाटील एकाच बिंदूत मिसळतात. आणि देवळालीच्या शाळेत शिकवत बहुतांशी एकट्यानेच संशोधन करणारे, ६१७४ या स्थिरांकाचे शोधक द. रा. कापरेकर अशा नकाशात जवळजवळ दिसतच नाहीत.