पाण्यातले शून्य

१९८० साली युरोपीय समुदायाने पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाला वा तणनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. हा आकडा विषारीपणाच्या हिशेबातून आलेला नव्हता. पाण्यात हे नसावेच, एवढेच म्हणायचे होते. पण तेव्हाच्या उपकरणांची नजर साधारण तिथवरच पोहोचत होती. शून्य ठरले ते असे!

नजर वाढवणारी एक पद्धत वैद्यकातून आली. इन्सुलिन टोचलेल्या माणसांत त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, असे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी दाखवले. त्यांचा निबंध आधी नाकारला गेला. १९५६ साली छापला गेला तो शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द गाळून. त्याच कामातून रेणू मोजण्याची रीत निघाली.

ॲट्राझिन या तणनाशकाचा रेणू मात्र इतका चिमुकला, की शरीर त्याची दखलच घेत नाही. तो मोठ्या प्रथिनाला जोडून प्राण्याला टोचावा लागतो. मिळालेल्या प्रतिपिंडांवरच्या मोजक्या जागांसाठी चकाकता रंग लावलेला रेणू आणि पाण्यातला रेणू झगडतात. पाण्यात विष जास्त, तर जागेवर उरलेला उजेड कमी.

२००३ साली भारताने बाटलीबंद पाण्यासाठी तोच ०.१चा आकडा घेतला. पिण्याच्या पाण्याच्या २०१२च्या सर्वसाधारण मानकात, म्हणजे नळाच्या पाण्याला, ॲट्राझिनची मुभा आहे २ मायक्रोग्रॅम. वीसपट.